तानीची हनुवटी

नितीननं आजवर हजारभर तरी मेलेली माणसं कोट-टायमध्ये बसवली असतील. ज्यांनी जन्मात बंडी आणि लुंगीच्या पलीकडे काही अंगाला लावलं नाही, ते सगळे त्याच्या कॉम्प्युटरवर मेल्यावर साहेब झाले. उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये कमलेशभाईंच्या स्टुडिओत आतल्या खोलीत, पंख्याखाली, एकोणीस वर्षं तो हेच करत आला. लोक आधारकार्ड आणत, पाण्यानं फुगलेला लग्नाचा ग्रुप फोटो आणत, आणि काहीच नसेल तर तिरडीवरच्या चेहऱ्याचा मोबाइलवर काढलेला फोटो आणत. नितीन नाकातला कापूस काढायचा, डोळे उघडायचा, केस विंचरायचा आणि मागे निळं आभाळ टाकायचा. तासाभरात बाबा हसत समोर. घरचे लोक डोळे पुसत पाया पडायचे, आधी फोटोच्या, मग नितीनच्या.

“साईं, कस्टमरला असली नको असतं,” कमलेशभाईंनी पहिल्याच आठवड्यात त्याला सांगितलं होतं, “कस्टमरला अच्छा पाहिजे. असली तर त्यानं घरी बघितलेलंच आहे ना!”

हे वाक्य नितीननं गाठीला बांधलं. त्याला ते पटायला वेळही लागला नाही, कारण असली गोष्टींशी त्याचं आधीपासूनच वाकडं होतं.

तो बारवी धरणाच्या वरच्या अंगाला डोंगरात असलेल्या एका ठाकरवाडीतला. बाप सुकऱ्या भाताची दोन खाचरं करायचा आणि उरलेलं वर्ष मजुरीला जायचा. आई तानी लाकडाच्या मोळ्या विकायची. थोरला भाऊ सोमा वाडीवरच राहिला. नितीन आश्रमशाळेत शिकला आणि पुढं बदलापूरला होस्टेलात आला. आई महिन्या-दोन महिन्यांनी त्याला भेटायला यायची, डोक्यावर करटुली नाहीतर करवंदांची पाटी घेऊन. तिच्या कपाळावर उभी रेघ गोंदलेली होती आणि हनुवटीवर हिरवट ठिपके. होस्टेलातल्या पोरांनी ते ठिपके बघितले आणि नितीनचं नाव ठेवलं ‘टिपक्या’. बारावी होईपर्यंत त्याला कोणी नितीन म्हणून हाक मारली नाही. तो पोरांवर चिडला असता तर बरं झालं असतं. तो चिडला आईच्या हनुवटीवर.

“दर वेळेला कशाला येतेस? सोमादादाला पाठव,” तो म्हणायचा. तानीला काय ते कळलं असावं. ती पुढं-पुढं गेटाबाहेर बसायला लागली, पदर तोंडाशी धरून.

मग कॉम्प्युटरचा क्लास, मग कमलेशभाई, मग बदलापुरातच मांजर्लीत दुसऱ्या मजल्यावर एक खोली-किचन. पहिला मजला स्वस्त मिळत होता, पण पुराचं पाणी कुठवर येतं ते नितीननं आधी चौकशी करून घेतलं होतं. माणूस हिशेबी होता. लग्न ठरलं तेही आपल्याच जातीत, पण अंबरनाथमध्ये दोन पिढ्या राहिलेल्या नोकरदार घरात. बायको रुचिका शिकलेली, बोलायला गोड. तिच्या घरात गोंदण म्हणजे आजीबरोबर संपलेली गोष्ट.

लग्नाचे फोटो स्टुडिओतल्याच कॅमेरावाल्यानं काढले आणि अल्बम अर्थातच नितीननं स्वतः बनवला. नवरी गोरी केली, ते तर सगळेच करतात. स्वतःचा रंगही दोन बोटं उजळला. मग आईच्या फोटोपाशी येऊन थांबला. रुचिका शेजारी बसली होती. त्यानं झूम केलं आणि माऊस एकेका ठिपक्यावर टेकवायला लागला. टेकवला की बाजूची कातडी तिथे यायची आणि ठिपका जायचा. एक गेला, दुसरा गेला.

“अहो, राहू द्या की,” रुचिका म्हणाली. “छान दिसतात आईंना.”

“तुला काय कळतं फोटोतलं,” नितीन म्हणाला. कपाळाची रेघही गेली. गाल भरले. मानेवरच्या सुरकुत्या गेल्या. सवयीनं त्यानं ते त्याच नावानं सेव्ह केलं. स्टुडिओची रीतच तशी होती. डिस्क भरतात, म्हणून मूळ फोटोवरच नवा फोटो बसवायचा. अल्बम गिऱ्हाइकाच्या हातात गेला की बाकीचं सगळं पुसून टाकायचं. ठिपके काढायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं, कोणी सुचवलं नव्हतं. बायकोनं उलट अडवलं होतं. पुढं दोष द्यायला त्याला कोणीच सापडलं नाही, त्याचं कारण हे.

अल्बम घेऊन दोघं वाडीवर गेली तेव्हा तानीनं हात धुऊन, पदराला पुसून पानं उलटली. एका पानावर ती थांबली.

“ही कोण बाई? रुचिकाची मावशी का?”

“आय, तूच की ती.”

तानीनं फोटो उजेडाकडे धरला. मग तिचा हात आपसूक हनुवटीकडे गेला. “माझं गोंदण कुठं गेलं?”

“उजेड पडलाय त्याच्यावर,” नितीननं सांगितलं.

तानी निरक्षर होती, भोळी नव्हती. तिनं पोराकडं एकदा बघितलं आणि अल्बम मिटला. “असू दे. कागदावरचं गेलं तर गेलं. अंगावरचं कोण काढतंय? ते माझ्याबरूबर जायचं,” असं म्हणून ती चुलीकडे वळली. नितीनला सुटल्यासारखं वाटलं. आपण सुटलो असं ज्या क्षणी वाटतं तेव्हाच माणूस पुरता अडकलेला असतो, हे त्याच्या गावीही नव्हतं.

नंतर हे अंगवळणीच पडलं. मुलीच्या बारशाचे फोटो, दिवाळीचे फोटो, आई एकदा अंबरनाथच्या शिवमंदिरात आली होती तेव्हाचे फोटो, सगळ्यांवरून त्याचा माऊस फिरला. मोबाइल घेतला तोही चेहरा आपोआप साफ करणारा. सोमादादाकडे वाडीवर स्वस्तातला फोन होता. त्यात त्यानं आईचे काही फोटो काढले की नितीनला पाठवायचा, “नीट करून दे रे, स्टेटसला ठेवतो.” नितीन नीट करून द्यायचा. सोमा नीट केलेले ठेवायचा आणि आधीचे पुसायचा, कारण फोनमध्ये जागा नसायची. मग तो फोनही एका पावसाळ्यात ओढ्यात गेला.

मधे एक गोष्ट घडली, ती सांगायलाच हवी. कॅम्प पाचमधलीच एक सिंधी म्हातारी नवऱ्याचा फोटो घेऊन परत आली. फ्रेम तिनं काउंटरवर आपटलीच.

“ये मेरा आदमी नहीं है. इसका निशान किधर है?”

नवऱ्याच्या भुवईवर जुनी जखम होती. नितीननं ती काढून टाकली होती, सवयीनं.

“आंटी, दाग था, मैंने साफ किया.”

“दाग होगा तेरे घर में! पचास साल मैंने वही देखा है.”

आतल्या खोलीत येऊन नितीन पोट धरून हसला. मूळ फोटो असलेला म्हाताऱ्याचा पासपोर्ट नशिबानं तिच्या पिशवीतच होता. दहा मिनिटांत त्यानं जखम जिथल्या तिथे बसवून दिली. म्हातारीनं काचेवरून भुवईवर बोट फिरवलं आणि फ्रेम उचलून निघून गेली. घरी जाऊन नितीननं ही गंमत रुचिकाला सांगितली. ती हसली नाही, म्हणून तो तिच्यावर वैतागला.

यंदा भात झोडणीच्या दिवसांत तानी गेली. खळ्यावर बसली होती, बसल्या जागी कलंडली. नितीन पोहोचला तेव्हा तिला हळद लावून, नवं लुगडं नेसवून ठेवलेलं. तोंडावर पदर. खिशात फोन होता. दुसऱ्यांच्या मेलेल्या माणसांचे किती फोटो त्यानं साफ केले होते, पण स्वतःच्या आईचा पदर बाजूला करून फोन काढायचा त्याला धीर झाला नाही. शिवाय तेव्हा त्याच्या डोक्यात हेच होतं, की आईचे फोटो आपल्याकडे शंभर आहेत.

माती देऊन आल्यावर सोमादादा म्हणाला, “नित्या, बाराव्याला आयचा मोठा फोटो पायजे. फाट्यावर बॅनर पण लावू. तू हाईस म्हणून सांगतो, सगळ्या वाडीत कुणाचा झाला नाय असा झाला पायजे.”

कमलेशभाईंनी तर खांद्यावर हात ठेवून सांगितलं, “मम्मीचा सगळ्यात भारी बनव. फ्रेम माझ्याकडून. कामाचं टेन्शन घेऊ नको.”

नितीननं फोल्डर उघडलं. शंभर नव्हते, एकशे चाळीस होते. एकशे चाळीस फोटोंत एक गोरीशी, गुळगुळीत हनुवटीची, मध्यमवर्गीय बाई त्याच्याकडे बघून हसत होती. त्यानं एक निवडला, मोठा केला आणि सोमाला पाठवला. दहा मिनिटांत फोन आला.

“अरे, हा नको. स्टेटसला ठीक हाय. पण बाराव्याला भावकी येनार. बाया म्हनतात, ही तानी नाय. गोंदणाचा हाय ना एखादा, तो दे.”

“देतो,” नितीन म्हणाला.

त्यानं जुन्या डिस्क काढल्या. स्टुडिओतल्या, घरातल्या, माळ्यावरच्या खोक्यातल्या. दोन दिवस तो फाइली उघडत आणि मिटत राहिला. पुसलेलं परत आणणारं सॉफ्टवेअर चालवलं, तर दुसऱ्यांच्या हळदीचे फोटो वर आले. आधारकार्ड आणलं. त्यावर आईचा चेहरा नखाएवढा, आणि हनुवटीवर फ्लॅश पडून पांढरा डाग. अल्बम दाखवताना आपण आईला जे खोटं सांगितलं होतं ते सरकारी कार्डावर खरं झालेलं बघून त्यानं कार्ड पालथं टाकलं.

मग त्यानं ठरवलं, हातानं करू. एकोणीस वर्षं दुसरं काय केलं? ब्रश घेतला, हिरवट-काळा रंग घेतला, तीन ठिपके दिले. चुकीचे वाटले. पाच दिले. तेही चुकीचे वाटले. चौकोनात होते की ओळीत? वरचा ओठाच्या किती खाली? डोळे मिटून आठवायला गेला तर समोर आली ती अल्बममधली बाई. पुन्हा मिटले, पुन्हा तीच. लहानपणची आठवण काढली, आई त्याला उचलून ओढा ओलांडते आहे अशी, तर त्या आठवणीतही तिची हनुवटी साफ होती. आपण नुसते फोटो नाही पुसले, हे त्याला तेव्हा कळलं. खुर्चीत बसल्या-बसल्या तो रडला, मोठ्यानं, आणि बाहेर काउंटरवर पासपोर्ट फोटोसाठी आलेलं गिऱ्हाईक कमलेशभाईंना विचारत राहिलं, अंदर क्या हुआ.

नवव्या दिवशी तो गंगूमावशीकडे गेला. गंगू ही तानीची धाकटी बहीण, शेजारच्याच वाडीत दिलेली. दोघींनी गोंदण एकाच दिवशी, म्हसा गावच्या जत्रेत, एकाच बाईकडून करून घेतलेलं. हे त्याला सोमाच्या बायकोनं, रंजनावहिनीनं सांगितलं होतं, तेव्हा बुडत्याला जमीन लागावी तसं त्याला वाटलं होतं.

गंगू ओट्यावर वाल सोलत होती. त्यानं सगळं सांगितलं. निदान सांगितलं असं त्याला वाटलं. खरं तर त्यानं एवढंच सांगितलं, की फोटो खराब झालेत.

“म्हंजे माझी हनुवटी तिला लावनार?”

“तशीच होती ना, मावशी? एकसारखी?”

“पाच टिपके. तिला पाच, मला पाच.” गंगूनं सूप बाजूला ठेवलं. “काढ.”

नितीननं स्टुडिओचा चांगला कॅमेरा आणला होता. सकाळचा उजेड स्वच्छ होता. तो तिच्या समोर गुडघ्यावर बसला आणि लेन्स जवळ नेली. गंगूची कातडी भेगाळलेली, त्यात ते पाच ठिपके, कडा पसरलेल्या, निळसर-हिरवे. आयुष्यात पहिल्यांदा तो कोणाच्या तरी गोंदणाकडे नीट बघत होता.

“इतक्या जवळून मला कुनी बघितलं नाय कदी,” गंगू म्हणाली आणि लाजली. मग जरा वेळानं म्हणाली, “पन एक हाय. तानीचा एक टिपका वाकडा व्हता.”

नितीननं कॅमेरा खाली घेतला.

“ती लई भित्री. सुई लागली तशी दचकली, आन् तो टिपका ओळ सोडून बाजूला पडला. तुझा बाप जित्ता व्हता तवर त्याच्यावरूनच चिडवायचा तिला. वाट चुकल्याला टिपका म्हनायचा. रागावली का बोट लावायचा तिथं, की हसायचीच ती.” बोलता-बोलता गंगूच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते वालाच्या हातानंच पुसलं.

“कुठल्या बाजूला होता?”

गंगूनं उजवा हात उचलून स्वतःच्या हनुवटीला लावला. मग डावा लावला. मग समोर तानी बसली आहे असं धरून हवेत बोट नेलं, आणि ते बोट तिथेच थांबलं.

“डावीकडं... नाय, मी तिला समोरून बघायची ना.” तिनं पुन्हा उजवा हात लावला. “आता नाय सांगता येत बग. इतकी वर्सं झाली.” आणि मग, राग नाही, काही नाही, साधं विचारावं तसं तिनं विचारलं, “तू तिच्या मांडीवर वाढलास रे पोरा. तू मला काय इचारतोस?”

नितीननं सोमादादाला फोन लावला. सोमा म्हणाला उजवीकडे. रंजनावहिनी मागून ओरडली, डावीकडे. रुचिकाला विचारलं. ती म्हणाली, “तुम्ही ते काढत होतात तेव्हा मी शेजारी बसून बघत होते. पण आता नाही हो आठवत.” तिच्या आवाजात टोमणा नव्हता. नितीनला तो असता तर सोसला असता.

दोन दिवस हातात होते. त्यानं गंगूची हनुवटी आईच्या चेहऱ्यावर बसवली, रंग जुळवला, कडा विरवल्या. कपाळावरची रेघही तिचीच. गालांवर सुरकुत्या परत आणल्या, त्याही गंगूच्याच, दुसऱ्या कुठून आणणार? चार ठिपके जागच्या जागी राहिले. पाचवा त्यानं उचलला आणि ओळीच्या बाहेर, डावीकडे ठेवला. मग उजवीकडे ठेवला. मग परत डावीकडे. कमलेशभाईंनी आत डोकावून बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले. “क्या बात है साईं. एकदम असली.”

बाराव्याला फाट्यावर बॅनर लागला. घरापुढच्या मांडवात पाटावर मोठी फ्रेम, झेंडूचा हार, समोर समई. भावकीतल्या बाया एकेक येऊन बघायच्या आणि तोंडाला पदर लावायच्या. “तानीच गं! आता बोलंल असं वाटतंय.” सोमादादा ज्याला त्याला सांगत होता, माझ्या भावानं केलाय, उल्हासनगरात मोठा आर्टिस्ट हाय. ज्या रंजनावहिनीला ठिपका डावीकडे आठवत होता ती म्हणाली, बघा, मी सांगत नव्हते? आणि ज्या सोमाला तो उजवीकडे आठवत होता तो फोटोकडे बघत म्हणाला, हो रे, डावीकडंच व्हता, मीच चुकलो. दोघा-तिघांनी नितीनला बाजूला घेऊन विचारलं, आमच्या म्हाताऱ्याचा पण असा करून देशील का? तो मान हलवत राहिला.

सगळ्यांचं दर्शन झालं. गंगू मात्र मांडवाच्या खांबाला टेकून बसलेली, उठेना. बायांनी दोनदा हाक मारली. शेवटी नितीन स्वतः तिच्याजवळ गेला.

“मावशी, चल ना. फूल वाहा आयला.”

“कुनाला वाहू?” गंगू हळूच म्हणाली, इतर कोणाला ऐकू जाणार नाही इतकी. “ती मी हाय. मी बघताक्षणी वळखलं. जित्तेपनी मी माझ्याच फोटोला फूल वाहू का?”

नितीन तिच्याशेजारी मातीत बसला. त्याला तिच्यापाशी सगळं कबूल करायचं होतं, की फोटो खराब झाले नव्हते, मी केले. होस्टेल, टिपक्या, अल्बम, उजेड पडल्याचं खोटं, सगळं. पण मांडवात माणसं होती, आणि कबूल करायला जे धाडस लागतं ते त्यानं आयुष्यात कधी कमावलं नव्हतं. तोंडातून भलतंच निघालं.

“मावशी, डावीकडेच होता ना गं तो?”

गंगूनं पाटावरच्या त्या बाईकडे पुन्हा एकदा बघितलं, मग त्याच्याकडे.

“आता तू ठेवलास ना तिकडं,” ती म्हणाली. “मग तिकडंच व्हता.”